डोंगराच्या आत : नॅन शेफर्ड

स्कॉटलंडच्या ईशान्येला, ॲबर्डीन शहराजवळ डी नदीच्या काठी कल्ट्स नावाचं गाव आहे. नॅन शेफर्ड यांचा जन्म १८९३ साली याच भागातला. तान्ह्या असताना त्या कल्ट्सच्या घरात आल्या आणि जवळजवळ अखेरपर्यंत तिथंच राहिल्या. १९१५ साली ॲबर्डीन विद्यापीठातून पदवी घेतली आणि शहरातल्याच शिक्षक-प्रशिक्षण संस्थेत निवृत्त होईपर्यंत, म्हणजे १९५६ पर्यंत, इंग्रजी साहित्य शिकवलं. लग्न केलं नाही. एकाच मुलखात पाय रोवून राहण्यातूनच त्यांचं सगळं लेखन उगवलं, असं मला ठामपणे वाटतं. पर्वतावरचं त्यांचं गाजलेलं पुस्तक तेवढं वाचून कादंबऱ्या बाजूला ठेवणं म्हणूनच अन्यायाचं आहे.

कादंबऱ्या तीन आणि तिन्ही पाच वर्षांच्या आत आलेल्या. ‘द क्वारी वुड’ (१९२८) मधली मार्था आयर्नसाइड ही शेतकरी घरातली मुलगी. शिकायची भूक पोटात घेऊन ती विद्यापीठापर्यंत जाते. मैत्रिणीच्या नवऱ्यात मन गुंततं, ते दुःख पचवते, आणि कर्करोगानं अंथरुणाला खिळलेल्या जोसेफीन आजीची सेवा करते. शिकलेल्या मुलीनं गाव सोडलंच पाहिजे, हा हिशेब शेफर्ड मांडत नाहीत. मार्था आपल्या माणसांतच राहते, आणि हे तिचं हरणं वाटत नाही.

‘द वेदरहाउस’ (१९३०) ही माझ्या मते त्यांची सर्वांत पक्व कादंबरी. पहिलं महायुद्ध चालू आहे, पुरुष आघाडीवर गेलेले, आणि गावातल्या एका घरात बायकाच बायका. घरातली म्हातारी लँग लीब संसारातून अंग काढून घेऊन पोरींचे व्यवहार एखाद्या खेळासारखे पाहत बसते. मेलेल्या एका तरुणाशी आपलं लग्न ठरलं होतं, असं एक बाई गावभर सांगते. त्या तरुणाचा मित्र, रजेवर आलेला गॅरी फोर्ब्स, तिचं खोटं उघडं पाडायला निघतो. पण माणसाचं खोटं सोलून काढताना त्याखाली किती एकटेपण निघतं! या बायका ईशान्य स्कॉटलंडच्या डोरिक बोलीत बोलतात, आणि त्या बोलीत शेफर्ड यांचा कान फार तयार आहे. तिसरी, ‘अ पास इन द ग्रॅम्पियन्स’ (१९३३), त्या मानानं हलकी. १९३४ साली केर्नगॉर्म पर्वतावरच्या कवितांचा संग्रह आला आणि पुढे दीर्घकाळ नवं पुस्तक नाही.

लेखणी मात्र थांबली नव्हती. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात त्यांनी केर्नगॉर्मवरचंच ‘द लिव्हिंग माउंटन’, म्हणजे सुरुवातीला म्हटलेलं ते गाजलेलं पुस्तक, लिहून काढलं. कादंबरीकार नील गन यांनी हस्तलिखित वाचून कौतुक केलं, पण प्रकाशकानं नकार दिला आणि बाड खणात गेलं ते तीस वर्षं.

शंभरेक पानांच्या या पुस्तकात बारा प्रकरणं आहेत : पठार, पाणी, बर्फ, हवा, झाडं, प्राणी, माणसं, झोप, इंद्रियं वगैरे. या पर्वतातलं बेन मॅकडुई १३०९ मीटर उंच, ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकाचं शिखर. पण माथा गाठण्याची घाई इथं नाही. शेफर्ड पर्वताच्या आत शिरतात. हेदरच्या झुडपांतून अनवाणी चालतात, पठारावर उघड्यावर झोपतात, वाकून दोन पायांमधून उलटं जग पाहतात. ब्रेरियाकच्या माथ्यावरच्या झऱ्यांपाशी जातात, कारण त्यांच्या घराजवळून वाहणारी डी नदी तिथंच उगम पावते. लॉख आन सरोवरातला प्रसंग मला सर्वांत थरारक वाटतो. सोबतीणीसह त्या उथळ, नितळ पाण्यातून चालत असतात. सहज खाली पाहतात तर पावलांपुढेच तळ तुटलेला, खाली स्वच्छ दिसणारी खोल दरी. दोघी एकमेकींकडे पाहतात आणि सावकाश मागे सरतात. भीती आणि आनंद एकाच क्षणी कसे येतात, ते त्या कुठलाही गाजावाजा न करता लिहितात. पर्वतावर कष्टणारी माणसं, युद्धासाठी झालेली वृक्षतोड, तिथं गेलेले जीव हेही पुस्तकात आहे. म्हणून याला नुसतं निसर्गस्तोत्र म्हणता येत नाही.

१९७७ साली ॲबर्डीन युनिव्हर्सिटी प्रेसनं ते छापलं. चारच वर्षांनी, १९८१ मध्ये, शेफर्ड गेल्या. २०११ साली लेखक रॉबर्ट मॅकफर्लन यांच्या प्रस्तावनेसह नवी आवृत्ती निघाल्यावर पुस्तक खऱ्या अर्थानं जगभर पोहोचलं. २०१६ पासून रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडच्या पाच पौंडांच्या नोटेवर त्यांचा तरुणपणीचा चेहरा आहे. कपाळावर दिसणारी पट्टी म्हणजे छायाचित्रकाराकडे पडलेला फिल्मचा तुकडा. गंमत म्हणून तो त्यांनी डोक्याला बांधला आणि त्यावर ब्रोच लावला.

त्यांना नव्यानं वाचणाऱ्यांनी ‘द वेदरहाउस’पासून सुरुवात करावी. डोरिक संवाद आधी अडतील, थोडं मोठ्यानं वाचलं की सुटत जातात. त्या घरातल्या बायकांशी ओळख झाल्यावर ‘द लिव्हिंग माउंटन’ हाती घ्यावं : खडक, पाणी आणि बर्फ यांच्याकडे पाहतानाही शेफर्ड तोच धीर धरतात, जो त्यांनी त्या खोटं बोलणाऱ्या बाईसाठी धरला होता.