सरोवरातील गाळ आणि प्राचीन तापमानाचे वाचन

‘जग’ एवढेच लिहिले असता ते नाम आहे की ‘जगणे’ या क्रियापदाचे आज्ञार्थी रूप, हे कळत नाही. तालव्य आणि दंततालव्य असे दोन भिन्न उच्चार आपल्या लिपीने एकाच चिन्हाखाली ठेवले आहेत. प्रस्तुत लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक, भूरसायनास परका. तथापि सरोवरांच्या गाळावरून भूखंडांचे प्राचीन तापमान ठरविताना हीच अडचण उपस्थित झाली, हे त्यास उद्बोधक वाटले.

काही जिवाणूंच्या पेशीपटलातील मेदरेणूंच्या लांब साखळ्यांवर चार ते सहा मेथिल शाखा असतात. थंडीत पटल प्रवाही राहावे म्हणून शाखा वाढतात, उष्णतेत घटतात, असे मानले जाते. जिवाणू नष्ट झाला तरी रेणू गाळात टिकतो. वायर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली मातीच्या नमुन्यांवरून शाखा व तापमान यांचा संबंध सूत्रबद्ध केला. मात्र त्यात आम्लताही मिसळलेली होती.

तिचा उलगडा पुढे झाला. शाखा साखळीच्या पाचव्या स्थानी आहे की सहाव्या, हे जुन्या वर्णलेखनात वेगळे दिसतच नव्हते. २०१३ साली हे समघटक पृथक् करण्यात आले. तेव्हा आढळले, की तापमानाशी खरा संबंध पाचव्या स्थानाचा. सहाव्याचे प्रमाण मुख्यतः आम्लतेनुसार बदलते. शुष्क प्रदेशांतील अल्कधर्मी मातीत जुने सूत्र तापमान कमी दाखवी, त्याचे कारण हेच.

सरोवरात आणखी एक गुंता आहे. हे रेणू केवळ भोवतालच्या मातीतून वाहून येत नाहीत. पाण्यात व तळाच्या गाळातही ते तयार होतात. मातीचे सूत्र तेथे लावणे म्हणजे तत्सम शब्दांचे नियम देशी शब्दांस लावण्यासारखे होय. पूर्व आफ्रिकेतील सरोवरांत तसे केले असता उत्तर वास्तवाहून थंड आले. म्हणून त्याच सरोवरांच्या पृष्ठभागीच्या गाळावरून स्वतंत्र सूत्रे बसवावी लागली. जेथे सरोवरे हिवाळ्यात गोठतात, तेथे मिळणारे तापमान वर्षाचे नसून बहुधा बिनबर्फाच्या महिन्यांचे असते. आकडा देताना हे सांगितले नाही, तर तो दिशाभूल करतो.

अलीकडे एक नवी शंका निर्माण झाली आहे. २०२१ साली एका जिवाणूच्या प्रयोगशाळेतील संवर्धनात प्राणवायू कमी केल्यावर असे रेणू तयार होऊ लागले. खोल सरोवराच्या तळाशी प्राणवायू युगानुयुगे कमीजास्त होत असतो. तेव्हा गाळाच्या एखाद्या थरातील बदल उष्णतेचा की प्राणवायूचा, हे ठरविण्यास दुसरी, स्वतंत्र साक्ष हवी.