एक काच, दोन बटणे

पुण्याच्या मंडईत दररोज सकाळी गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून भाजी घेऊन छोटे ट्रक आणि टेम्पो येतात. मंडईची जुनी दगडी इमारत १८८६ सालची. भोवतालचे रस्ते बैलगाड्यांच्या काळातले. अशा दाटीत गाडी लावताना चालकाला डावीकडे कोण उभे आहे ते पाहावे लागते, हमालाला हाक द्यावी लागते. पण आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो आणि डाव्या दाराची काच त्याच्या हाताच्या टप्प्याबाहेर राहते. मागे माल उतरवताना डावे दार उघडे राहिले, तर आतील वस्तूंची काळजी वेगळीच. म्हणून काही मालक हाताने फिरवायच्या काचेच्या जागी विजेची काच आणि दारांना विजेचे कुलूप मागाहून बसवून घेतात.

काम सोपे दिसते. एक मोटर, एक बॅटरी, एक बटण. मात्र डाव्या काचेला बटणे दोन लागतात : एक चालकापाशी आणि एक डाव्या दारावर. खरा प्रश्न इथेच सुरू होतो. चालकाने ‘वर’ आणि शेजारच्याने ‘खाली’ एकाच वेळी दाबले, तर काय होईल?

आधी मोटरकडे पाहू. काचेची मोटर एकदिश प्रवाहावर चालते. तिला दोनच टोके असतात. त्यांना आपण अ आणि ब म्हणू. अ ला बॅटरीचे धन टोक आणि ब ला ऋण टोक जोडले की काच वर जाते. जोडणी उलटी केली की काच खाली येते. म्हणजे बटणाचे काम केवळ प्रवाह चालू-बंद करण्याचे नाही, तर त्याची दिशा उलटवण्याचेही आहे.

दिशा उलटवण्याची परिचित रीत म्हणजे सहा पॉइंटचा स्विच. त्याच्या चार कोपऱ्यांतील पॉइंट फुलीच्या आकारात जोडले की दांडी एका बाजूला केल्यावर मोटर सुलटी फिरते, दुसऱ्या बाजूला केल्यावर उलटी. दांडी मध्ये असताना मोटर बंद. आता दोन जागी बटणे हवीत म्हणून असे दोन स्विच घेऊन दोघांच्याही तारा थेट मोटरला जोडल्या, तर? चालकाचे बटण तपासून पाहिले, चालते. दाराचे बटण तपासले, तेही चालते. काम पूर्ण झाले असे वाटते. पण दोघांनी एकाच क्षणी विरुद्ध बटणे दाबली की चालकाचा स्विच अ ला धन टोक जोडतो आणि दाराचा स्विच त्याच अ ला ऋण टोक जोडतो. बॅटरीची दोन्ही टोके मोटरला वळसा घालून थेट एकमेकांना भिडतात. यालाच आपण शॉर्टसर्किट म्हणतो. एकेक बटण तपासून हा दोष कधीच सापडत नाही. तो सापडतो दोन माणसे गाडीत बसल्यावर.

यावरचा उपाय फार सुंदर आहे आणि तो समजायला आपल्या घरातील जिन्याचा दिवा पुरेसा आहे. जिन्याच्या वर आणि खाली असलेले टू-वे स्विच आपल्या परिचयाचे आहेत. त्यांना तीन टोके असतात. मधले टोक एका वेळी उरलेल्या दोहोंपैकी एकालाच जोडलेले असते. दोघांना एकदम कधीच नाही. काचेच्या प्रत्येक बटणाच्या पोटात असे दोन टू-वे आहेत अशी कल्पना करू : एक ‘वर’साठी आणि एक ‘खाली’साठी.

चालकाच्या बटणातील दोन्ही टू-वे हात न लावलेल्या स्थितीत ऋण टोकाशी जोडलेले असतात. (गाडीत ऋण टोक म्हणजे गाडीचा धातूचा सांगाडा, मेकॅनिक त्याला ‘अर्थ’ म्हणतात.) दाबलेला टू-वे तेवढा धन टोकाकडे जातो. त्यांच्या मधल्या टोकांपासून दोन तारा निघतात. त्या मोटरकडे न जाता दारावरच्या बटणाकडे जातात. दारावरच्या बटणातील टू-वे हात न लावलेल्या स्थितीत या दोन तारांना जोडलेले असतात आणि दाबल्यावर धन टोकाला. त्यांची मधली टोके मात्र मोटरच्या अ आणि ब ला जातात. थोडक्यात, दाराचे बटण स्वतः ‘अर्थ’ला जोडलेलेच नाही, त्याला ‘अर्थ’ मिळतो तो चालकाच्या बटणातून.

आता दोघांत भांडण लावून पाहू. चालकाने ‘वर’ दाबले : अ धन झाला, ब ऋण राहिला, काच वर निघाली. त्याच वेळी शेजारच्याने ‘खाली’ दाबले : ब ची जुनी जोडणी तुटली आणि तो धन टोकाला लागला. आता अ ही धन, ब ही धन. दोन्ही टोकांत विभवांतर उरले नाही, त्यामुळे प्रवाह नाही आणि मोटर थांबते. शॉर्टसर्किटचा प्रश्नच येत नाही, कारण धन टोकापासून ऋण टोकापर्यंत मार्गच शिल्लक नसतो. मोटर फिरते ती दोन टोकांतील फरकामुळे, ही गोष्ट विद्यार्थ्यांना इथे डोळ्यांनी दिसते.

विजेच्या कुलपातही दिशा उलटवण्याचे हेच तत्त्व असते. फरक एवढाच की कुलपाच्या छोट्या मोटरला प्रवाह क्षणभरच द्यायचा असतो. कुलूप लागल्यावर तिला पुढे सरकायला जागाच नसते. प्रवाह चालू राहिला तर ती जळते. म्हणून कुलपाच्या संचात एक नियंत्रक पेटी असते. ती साधारण अर्ध्या सेकंदाचा प्रवाह देऊन थांबते.

अडलेली मोटर का जळते? फिरणारी मोटर जनित्रासारखेही वागते आणि बॅटरीच्या विरुद्ध विभवांतर निर्माण करते. त्यामुळे प्रवाह मर्यादित राहतो. मोटर अडली की हा विरोध संपतो आणि प्रवाह कितीतरी पटींनी वाढतो. काच पूर्ण वर जाऊनही बोट बटणावर राहिले, तर नेमके हेच घडते.

समजा, अशा वेळी तारेतून १५ अँपिअर प्रवाह जातो. जाण्या-येण्याची तार मिळून ६ मीटर आणि तिचे छेदक्षेत्र ०.५ चौरस मिलिमीटर आहे. तांब्याची रोधकता लक्षात घेता तिचा रोध सुमारे ०.२ ओहम येतो. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे ४५ वॅट उष्णता एकट्या तारेत. नेहमीची सोल्डरिंगची इस्त्री २५ वॅटची असते! हीच तार २.५ चौरस मिलिमीटरची घेतली, तर उष्णता ९ वॅटवर येते. फ्यूजचे कामही यावरून कळते. फ्यूज मुख्यतः तारेला वाचवण्यासाठी असतो, म्हणून तो बॅटरीपासून शक्य तितक्या जवळ बसवायचा आणि तार पेलू शकेल त्याहून मोठा घ्यायचा नाही. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्याच्या जागी तांब्याची तार गुंडाळणे म्हणजे आगीला आमंत्रण. छोट्या गाड्यांत बहुधा १२ व्होल्टची आणि मोठ्या ट्रकमध्ये २४ व्होल्टची व्यवस्था असते. मोटर त्याप्रमाणेच निवडावी लागते.

वर्गात हा प्रयोग सहज करता येतो. घरगुती टू-वे स्विच चार, खेळण्यातील एक मोटर, दीड व्होल्टचे चार सेल आणि ६ व्होल्टचा, अर्ध्या अँपिअरचा एक छोटा दिवा एवढे साहित्य पुरते. पुण्यात ते मंडईजवळच्या तपकीर गल्लीत मिळेल, इतरत्र कोणत्याही विजेच्या दुकानात. दिवा सेलच्या धन टोकालगत एकसरीत जोडावा. जोडणी चुकून शॉर्टसर्किट झाले, तर तो लख्ख पेटून सूचना देईल आणि सेलही वाचवील. घरातील विजेवर हा प्रयोग मुळीच करू नये.

प्रत्येक बटणाच्या तीन स्थिती : मोकळे, वर, खाली. दोन बटणांच्या मिळून नऊ. विद्यार्थ्यांना नऊ घरांचा तक्ता आखायला सांगावा आणि आधी कागदावर उत्तरे लिहून मग मोटर चालवून पडताळायला सांगावे. तीन घरांत मोटर सुलटी, तीन घरांत उलटी आणि तीन घरांत स्तब्ध मिळाली, तर जोडणी बरोबर आहे. नऊपैकी कोणत्याही घरात दिवा लख्ख पेटला, तर ती जोडणी ट्रकमध्ये बसवण्याजोगी नाही.