आहुप्याच्या कड्यापलीकडे किती विश्वं?

आहुप्याच्या कड्यावर उभं राहिलं की खाली मुरबाडकडचा मुलूख आणि गोरखगड-मच्छिंद्रगडाचे सुळके. धुकं नसेल तर नजर लांबवर जाते, मग कुठेतरी थांबते. जमीन मात्र तिथे संपत नाही!

विश्वाचंही तसंच. वय साधारण 1380 कोटी वर्षं. तेवढ्या काळात जिथून प्रकाश आपल्यापर्यंत पोचू शकला, ते आपलं ‘दृश्य विश्व’. दरम्यान अवकाश ताणलं गेलं, म्हणून त्याची त्रिज्या आज सुमारे 4600 कोटी प्रकाशवर्षं भरते.

मग पलीकडचं ते ‘दुसरं विश्व’ का? मला नाही पटत. अवकाश सलग, नियम तेच, तर वेगळं कशाला म्हणायचं? जिथले भौतिक स्थिरांकच निराळे, किंवा ज्याचं अवकाश आपल्याशी सलगच नाही, ते खरं वेगळं.

भौतिकशास्त्रज्ञ ह्यू एव्हरेटने 1957 साली भलतीच वाट काढली: क्वांटम मोजमापाची प्रत्येक शक्यता विश्वाच्या कुठल्या ना कुठल्या शाखेत प्रत्यक्ष घडते. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत अशाच एका जगात विश्वासराव वाचतात आणि 1761 ची लढाई मराठे जिंकतात. (वाचली नसेल तर आधी ती वाचा, पोस्ट कुठे पळून जात नाही.) गंमत म्हणजे विश्वाचं वर दिलेलं वय ज्यातून येतं, त्या महास्फोटाच्या सिद्धांताशीच नारळीकरांचं कधी जमलं नाही.

दुसऱ्या विश्वांचा पुरावा? अजून तरी शून्य. आपल्या जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने, 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांनी, सुमारे 880 कोटी वर्षांपूर्वी निघालेला हायड्रोजनचा संदेश टिपला. 2023 मध्ये ते जाहीर झालं. तो संदेशही याच विश्वातला.