सारंगखेड्याची यात्रा आणि आमची ट्रॉली

मार्गशीर्ष लागला की आमच्या शिंदखेड्याला घरोघरी एकच विषय असतो – सारंगखेडा! तापीकाठची ही दत्ताची यात्रा. दत्तजयंतीला सुरू होते आणि पुढे कितीतरी दिवस चालते. एकमुखी दत्ताचे दर्शन, दूरदूरच्या प्रांतांतून आलेले घोडे, भांड्यांची दुकाने, पाळणे, तमाशाचे तंबू! पूर्वी हे सगळे आपल्या धुळे जिल्ह्यात होते. १९९८ साली नंदुरबार जिल्हा वेगळा झाला आणि सारंगखेडा तिकडे गेले. पण जिल्हा बदलला म्हणून माणसांची पायवाट थोडीच बदलते?

एका दिवसात जाऊन येणारी मंडळी पुष्कळ असतात. पण आमच्या घरची रीत निराळी. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडायची, तीत पाल, भांडी, गोधड्या, धान्य भरायचे आणि तीन रात्री तिथेच मुक्काम ठोकायचा. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, नव्या नवरी होत्या तेव्हा बैलगाडीतून जात. पुढे बैलगाडीची जागा ट्रॉलीने घेतली, एवढेच.

परदेशात म्हणे मोटारीच्या मागे चाकांवरचे घरच जोडून नेतात. आपल्याकडेही २०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. हे वर्तमानपत्रात वाचले तेव्हा मी यांना म्हटले, “अहो, आपण तर हे कधीपासून करतोय!” पण मैत्रिणींनो, त्या चाकांवरच्या घरात आणि आपल्या ट्रॉलीत एक मोठा फरक आहे. ट्रॉली मालासाठी केलेली असते, माणसांसाठी नाही. हे मला कळत होते, पण वळायला मात्र एक प्रसंग घडावा लागला.

तो चहा नसता प्यालो तर…

गेल्या खेपेची गोष्ट. यात्रा करून परत निघालो होतो. सामानावर गोधड्या, गोधड्यांवर आम्ही बायका नि पोरे. माझी दोन्ही मुले पेंगुळलेली. वाटेत एका टपरीवर मोठे दीर म्हणाले, “उतरा, चहा घेऊ.” मुले कुरकुरली, तरी मी त्यांना उठवून खाली उतरवले.

आम्ही चहा पीत होतो तेवढ्यात पुतण्याने ट्रॅक्टर जरा पुढे, सावलीत घ्यायला काढला. चाक खड्ड्यात गेले, गचका बसला आणि ट्रॉली जोडणारी पिन उसळून बाहेर आली. पिनेला खालून क्लिपच नव्हती, जोडीला साखळी नव्हती. ट्रॉली मागे उताराला लागली आणि रस्त्याकडेच्या चारीत जाऊन कलंडली. डबे, परात, पाल सगळे चारीत. धावत जाऊन पाहते तर ज्या गोधडीवर माझी पोरे झोपली होती तिच्यावर पाण्याचा भरलेला ड्रम आडवा पडलेला!

कोणाला खरचटलेसुद्धा नाही. म्हणून पुरुषमंडळी हसली, सामान गोळा केले, “दत्ताने तारलं” म्हणून पुन्हा ट्रॉलीत बसा म्हणाली. आणि खरे सांगते, मी बसलेही. घरी येईपर्यंत दोन्ही पोरांचे दंड घट्ट धरून बसले होते.

यंदा मी ‘नाही’ म्हटले

यंदा यात्रेची बोलणी सुरू झाली तेव्हा मी म्हटले, “ट्रॉलीतून सामान जाईल. बायकामुलं नाही.” एवढे बोलायला मला घोटभर पाणी प्यावे लागले. आमच्याकडे असल्या बाबतीत सुना बोलत नाहीत.

आत्याबाई गव्हातले खडे वेचीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “आतेलोंग कोनले काय व्हयनं व माय?”

दीर म्हणाले, “बसची गर्दी, आईचे गुडघे, तिकिटांचा खर्च… आणि डिझेल तर जळणारच आहे ना!”

हे काहीच बोलेनात. जाऊबाई मात्र हळूच म्हणाल्या, “मी पण नाही बसणार.” तेव्हा कुठे मला धीर आला.

मी भांडले नाही, दोन गोष्टी सांगितल्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये उत्तर प्रदेशात कानपूरजवळ देवदर्शनाहून परतणारी ट्रॅक्टर-ट्रॉली तळ्यात उलटली आणि पंचवीसहून अधिक माणसे गेली, बहुतेक बायका नि मुले. ४ एप्रिल २०२५ ला आपल्या नांदेड जिल्ह्यात आलेगावच्या शिवारात शेतमजूर बायकांची ट्रॉली विहिरीत कोसळली, सात जणी दगावल्या. “त्यांच्या घरीसुद्धा आधी कधी काही झालं नसेल,” मी म्हटले. मालवाहू ट्रॉलीतून माणसे नेणे कायद्यानेही चालत नाही आणि काही बरेवाईट झाले तर विमा कंपनी हात वर करू शकते, हेही सांगितले.

मग तिकिटांचा हिशेब मांडला. एस.टी.त २०२२ पासून पंचाहत्तर वर्षांवरच्यांना तिकीट नाही आणि मार्च २०२३ पासून आम्हा बायकांना अर्धे तिकीट. आत्याबाईंना शहात्तरावे चालू आहे. म्हणजे त्या फुकट, आम्ही दोघी जावा नि नणंद अर्ध्यात! दोंडाईच्याला बस बदलली की तापीचा पूल ओलांडून थेट यात्रेत. आत्याबाईंनी सूप खाली ठेवले. “फुकट?” त्यांनी विचारले. “फुकट. आधार कार्ड तेवढं घ्या.”

तरी त्यांच्या मनात काय सलत होते ते रात्री कळले. “गाडीत सगळ्या बसलो म्हणजे गाणी म्हणायचो. यात्रा तिथूनच सुरू व्हायची.” त्यांचे खोटे नव्हते. मी म्हटले, “आत्याबाई, ट्रॉलीत जायचं नाही. पण तिथं पोचल्यावर झोपायचं ट्रॉलीतच!” ते कसे, ते पुढे सांगते.

ट्रॉली भरण्याची रीत

ट्रॉली भरणे हे पुरुषांचे काम मानतात, पण कोणते सामान कधी लागेल हे आपल्यालाच ठाऊक असते. म्हणून यंदा भरताना मी उभी राहिले.

आधी जोडणी. पिन झिजलेली नको, तिला खालून क्लिप हवी आणि पिनेशिवाय वेगळी मजबूत साखळी हवी. पिन निसटली तरी साखळी ट्रॉलीला धरून ठेवते. टायरची हवा, मागे लाल रिफ्लेक्टर, फाळक्याच्या कड्या हे सगळे आदल्या दिवशी पाहून घ्यावे. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. सगळा भार ट्रॅक्टरच्याच ब्रेकवर येतो, म्हणून वेग कमी आणि प्रवास उजेडातच.

मग वजन. धान्य, गॅसची शेगडी, पाण्याचे ड्रम असे जड सामान तळाला, चाकांच्या वर आणि किंचित पुढे ठेवावे. दोन चाकी ट्रॉलीत सगळे ओझे मागे गेले तर पुढची दांडी उचलली जाते आणि ट्रॅक्टरची मागची चाके हलकी होतात. ड्रम रिकामेच न्यावेत, पाणी तिथे भरावे. वर ताडपत्री टाकून दोर आवळावा.

आणि क्रम उलटा ठेवावा. तिथे पोचल्यावर सगळ्यांत आधी पाल उभारायचे असते, म्हणून पाल, मेखा, हातोडा सर्वांत वर. त्याखाली चहाचे सामान. आमच्याकडे दरवर्षी चहासाखर गोधड्यांच्या तळाशी सापडायची!

आठ दिवस आधीपासून

• पाल आणि ताडपत्री उन्हात पसरून पाहावी. भोके असतील तर ठिगळ लावावे. उंदराने दोर कुरतडलेले असतात, तेही तपासावे.

• गोधड्यांना कडक ऊन दाखवावे. डिसेंबरात नदीकाठी थंडी चांगलीच झोंबते. माणशी एक गोधडी वर नि एक खाली असा हिशेब धरावा. खालून येणारी थंडी वरच्यापेक्षा जास्त बाधते. आधी गव्हाचे काड, त्यावर पोती, मग सतरंजी असे अंथरले की जमीन गार लागत नाही.

• काळा मसाला, तिखट, मीठ, हळद लहान घट्ट डब्यांत भरून सगळे डबे एका पिशवीत ठेवावेत.

• बॅटरीचे दिवे, मोबाइल चार्ज करायची बॅटरी, काडेपेटी प्लास्टिकमध्ये गुंडाळून, सुरी, दोरी, सुईदोरा, दाभण.

• औषधे: घरातल्या रोजच्या गोळ्या तीन दिवस जादा, तापाची गोळी, पट्टी, मलम. जुलाब झाले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून घोट घोट द्यावे. चमचा चहाचाच.

• पाळीची तारीख जवळ असो वा नसो, कपडा किंवा पॅड बरोबर हवेतच. एक जुनी साडी आणि चार काठ्या जादा न्याव्यात. आडोसा करून न्हाणी होते.

• दागिने घरी. गळ्यात पोत पुरे.

काय करून न्यायचे

पहिल्या दिवशी कोणीच चूल पेटवायच्या अवस्थेत नसते. म्हणून दशम्या करून न्याव्यात. पाणी न घालता दुधात भिजवलेल्या दशम्या थंडीच्या दिवसांत दोन-तीन दिवस चांगल्या राहतात. सोबत शेंगदाण्याची चटणी, ठेचा, लोणचे. कळण्याचे पीठ – ज्वारी नि उडीद दळलेले – कोरडे न्यावे, भाकरी तिथे ताजी थापावी. दुसऱ्या दिवशी भरीत. वांगी बाजारात मिळतात, आणि काटक्यांवर भाजलेल्या वांग्याला घरच्या गॅसवरची चव कधीच येत नाही.

तिसऱ्या रात्री आमच्याकडे वरण-बट्टी ठरलेली. गव्हाचे जाडसर पीठ, थोडे मक्याचे, त्यात ओवा, हळद, मीठ नि तेलाचे मोहन घालून घट्ट भिजवायचे. गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकून तुपात बुडवायचे. वर तुरीचे वरण. भांडी कमी, पाणी कमी, आणि पोट भरून उरते.

मुक्कामावर

पाल उंचवट्यावर ठोकावे, नदीच्या पात्रात कधीच नको. चूल पालाबाहेर, वाऱ्याच्या आडोशाला. थंडी कितीही असो, पेटती शेगडी बंद पालात घेऊन झोपू नये. तिचा धूर दिसला नाही तरी विषारी वायू कोंडतो आणि झोपेतच घात करतो. पिण्याचे पाणी उकळून किंवा क्लोरीनचे थेंब टाकून घ्यावे. नुसती तुरटी फिरवून पाणी नितळ होते, निर्जंतुक होत नाही.

मुलांच्या खिशात नाव आणि घरचा मोबाइल नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. चुकामूक झाली तर कुठे थांबायचे ती जागा पहिल्याच दिवशी दाखवून द्यावी. घोडेबाजारात मुलांना घोड्याच्या मागून जाऊ देऊ नये. घोडा मारायचा नसतानाही बुजून लाथ झाडतो.

आता ट्रॉलीचे. सपाट जागी उभी करून चारही बाजूंनी चाकांना मोठे दगड लावले, पुढच्या दांडीखाली भक्कम ठोकळा दिला, हलवून पाहिली. मग आत काड, पोती, गोधड्या, वरून कमानीसारखी ताडपत्री, पाठीमागे हवेला जागा. आत्याबाईंना जमिनीवर बसाउठायचा त्रास नाही, खाली ओल नाही. चढायला एक स्टूल ठेवले. ट्रॉलीखाली मात्र पोरांना झोपू दिले नाही.

आणखी एक. यंदा मी घरीच यादी केली होती – सामानाची नव्हे, कामांची. पाणी आणणे पुतण्याकडे, काटक्या नि गोवऱ्या यांच्याकडे, रात्रीची भांडी दोघा भावांकडे. आधी हशा झाला. पण बायकासुद्धा यात्रेलाच आलेल्या असतात, चूल फुंकायला नव्हे, एवढे मी म्हटले. दिरांनी परात घासली तेव्हा शेजारच्या पालातल्या बाया बघायला आल्या होत्या!

तिसऱ्या रात्री बट्ट्या झाल्या, निखारे राहिले. आत्याबाई ट्रॉलीत गोधडी पांघरून बसल्या आणि एकदम गाऊ लागल्या. आम्ही तिघी वर चढलो, पोरे चढली. ट्रॉली भरली. चाकांना दगड लावलेले होते. दीर खालून म्हणाले, “आई, निघायचं का?”

“तुम्ही व्हा पुढं,” आत्याबाई म्हणाल्या, “आम्ही बसने येऊ. मला तिकीट नाही.”

तर मैत्रिणींनो, चैत्रात सप्तशृंगीला जा, नाहीतर मार्गशीर्षात सारंगखेड्याला. पाल घ्या, बट्ट्या करा, मुक्काम जरूर करा. फक्त निघायच्या आधी एवढे सांगून टाका – ट्रॉलीत सामान जाईल. आम्ही सामान नाही.