वजूचे पाणी किती?

आंबेगाव तालुक्यात पाण्याची दोन टोके आहेत. पश्चिमेला भीमाशंकरचा डोंगर, धो धो पाऊस आणि घोड नदीवरचे डिंभे धरण. पूर्वेला शिरूरच्या हद्दीकडे सरकत गेले की लोणी-धामणीचा कोरडा पट्टा. उन्हाची तिरीप वाढली की इथल्या विहिरी तळ दाखवू लागतात. चांद्र वर्षामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. 2018 आणि 2019 साली तो ऐन मे महिन्यात आला होता. आता उन्हाळ्याच्या तोंडावर येतो, म्हणजे पाणी आटायला लागते तेव्हाच.

रोजेदार दिवसभर पाण्याचा थेंब घेत नाही. मात्र त्याच घरात या महिन्यात पाण्याचा खर्च वाढतो. सहेरी-इफ्तारची दुप्पट भांडी असतात, पाहुणे असतात आणि पाच वेळची वजू असते. एरवी दोन-तीन वक्त चुकवणारेही या महिन्यात पाचही नमाजा सांभाळतात.

हिशेब साधा आहे. नळ मिनिटाला सहा लिटर सोडतो असे धरा. दोन मिनिटे तो उघडा ठेवून वजू केली तर बारा लिटर गेले. दिवसातून पाच वेळा म्हणजे साठ. 2019 साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण भागात माणशी रोज 55 लिटर पाणी ठरवले आहे. पिणे, स्वयंपाक, अंघोळ, धुणे, सगळे त्यात आले. एकटी वजूच त्याच्या पुढे जाते!

प्रेषित मुहम्मद (स.) यांची वजू एका मुदमध्ये होत असे, असे हजरत अनस यांच्या हदीसमध्ये आले आहे. मुद म्हणजे ओंजळभर माप. आजच्या हिशेबाने साधारण पाऊण ते एक लिटर. पाच वेळचे मिळून चार-पाच लिटर. वाहत्या नदीकाठी बसूनही वजूत उधळपट्टी नको, अशी ताकीद इब्न माजा यांच्या संग्रहात आहे. जुन्या घरांत तोटीचा बधना असे. तो एकदा भरला की वजू त्यातच उरकावी लागे. माप भांड्यातच होते. नळ आला आणि माप गेले.

ते माप आता यंत्राने परत आणता येते. तोंडाशी जाळीचा एरेटर बसवला की पाण्यात हवा मिसळते, धार भरघोस वाटते आणि पाणी निम्म्यावर येते. काही मशिदींत दाबून सोडायच्या तोट्या दिसतात, त्या काही सेकंदांनी आपोआप बंद होतात. टाकीला सेन्सर लावला तर सहेरीच्या गडबडीत मोटर चालू राहून गच्चीवरून पाणी वाहत नाही. हजार-पंधराशेच्या या वस्तूला कोणी 'स्मार्ट' म्हणत नाही, पण पाणी तीही वाचवते.

मोजणीचे सर्वांत बोलके उदाहरण कराडशेजारच्या मलकापूरचे. तिथे चोवीस तास पाणी देताना घरोघरी रीडिंग आपोआप टिपणारे मीटर बसवले आणि जास्त वापराला चढा दर लावला. चोवीस तास नळ म्हणजे चंगळ, असे अनेकांना वाटते. घडते उलटे. पाणी दिवसाआड आले की लोक पिंपे भरतात आणि नवे आले की कालचे 'शिळे' म्हणून मोरीत ओततात. नळ कधीही उघडता येतो म्हटल्यावर साठवायचे कारणच उरत नाही आणि मीटर फिरतो हे ठाऊक असल्याने हात आखडतो.

लोणीसारख्या गावात चोवीस तास पाणी ही दूरची गोष्ट. पण मशिदीच्या किंवा घरच्या टाकीला साधा मीटर लावून तरावीहनंतर आकडा वहीत टिपायला कोणाची मंजुरी लागत नाही. आठवडाभराचे आकडे शेजारी शेजारी दिसले की कुठल्या दिवशी पाणी जास्त गेले, ते जमातीलाच कळते. वजूचे सांडपाणी मोरीत न सोडता अंगणातल्या झाडांकडे वळवता येते, त्यात साबण नसतो. आरओच्या नळीतून वाया जाणाऱ्या पाण्याने फरशी पुसावी, भांडी विसळावीत. झाडांना मात्र ते रोज नको, क्षार जास्त असतात.

एरेटर विकत घेण्याआधी तोटीच्या तोंडाला आटे आहेत का, तेवढे पाहावे. जुन्या पितळी तोट्यांना बहुधा नसतात. तिथे तोटीच बदलावी लागते.