संशोधन प्रकल्पांचे प्रदर्शन आणि विद्यार्थ्यांचा सहभाग : अमरावती व अकोला येथील दोन परंपरांच्या संदर्भात

प्रस्तावना

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० अन्वये पदवी अभ्यासक्रमास चौथ्या वर्षाची जोड मिळाली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ मधील आराखड्यानुसार, पहिल्या सहा सत्रांत किमान ७५ टक्के गुण मिळविणारा विद्यार्थी चौथ्या वर्षी संशोधनाचा पर्याय निवडू शकतो. तथापि, कोणताही पर्याय निवडण्यापूर्वी तो पाहिलेला असावा लागतो. प्राध्यापकांचे संशोधन पदवीच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीस क्वचितच पडते. ते प्रबंधात, नियतकालिकात किंवा विभागाच्या कपाटात असते. परिणामी, गुणांनी पात्र ठरलेला विद्यार्थीही संशोधनाकडे वळेलच असे नाही. या पार्श्वभूमीवर, संशोधन प्रकल्प विद्यार्थ्यांसमोर कशा रीतीने मांडले असता त्यांचा सहभाग वाढेल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आविष्कार : पूर्ण झालेल्या कामाचे दर्शन

महाराष्ट्रातील विद्यापीठांसाठी कुलपती कार्यालयाच्या पुढाकाराने २००६ मध्ये ‘आविष्कार’ हे आंतरविद्यापीठीय संशोधन संमेलन सुरू झाले. मानव्यविद्येपासून कृषी, अभियांत्रिकी व औषधनिर्माणशास्त्रापर्यंतच्या विद्याशाखांना त्यात स्थान मिळाले. १ मे १९८३ रोजी स्थापन झालेल्या आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा व वाशीम हे पाच जिल्हे कार्यक्षेत्र असलेल्या संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठातील विद्यार्थ्यांनाही या संमेलनाने राज्यपातळीवरील व्यासपीठ मिळवून दिले.

आविष्कारचे महत्त्व निर्विवाद आहे. मात्र त्याचे स्वरूप स्पर्धेचे आहे. भित्तिपत्रकावर उद्दिष्टे, पद्धती व निष्कर्ष नेटकेपणाने मांडलेले असतात आणि सादरीकरण प्रामुख्याने परीक्षकांना उद्देशून असते. प्रथम वर्षाचा विद्यार्थी ते पाहतो, कौतुक करतो आणि पुढे जातो. काम पूर्ण झालेले असल्याने त्यात त्याला करण्यासारखे काही उरलेले नसते.

शिवार फेरी : चालू कामाचे दर्शन

२० ऑक्टोबर १९६९ रोजी स्थापन झालेल्या अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची ‘शिवार फेरी’ या बाबतीत उद्बोधक ठरते. विदर्भातील शेतकरी या फेरीत थेट संशोधन प्रक्षेत्रावर येतात. वेगवेगळी वाणे शेजारशेजारच्या वाफ्यांत उभी असतात आणि शास्त्रज्ञ बांधावर उपलब्ध असतात. विद्यापीठाच्या अमरावती येथील प्रादेशिक संशोधन केंद्राने विकसित केलेले ‘पीडीकेव्ही अंबा’ हे सोयाबीनचे वाण पुस्तिकेत वाचणे आणि त्याच्या शेंगा हातात घेऊन पाहणे, यांत मोठे अंतर आहे. वाण किती दिवसांत येते, कोणत्या जमिनीत टिकते, कोणत्या रोगाला बळी पडते, असे प्रश्न शेतकरी मोकळेपणाने विचारू शकतो. कारण त्याला स्वतःच्या शेतासाठी निर्णय घ्यावयाचा असतो. शिवार फेरीचा प्रेक्षक हा संशोधनाचा भावी सहभागी असतो.

महाविद्यालयीन प्रदर्शनाचे स्वरूप

विद्यार्थ्यालाही असाच निर्णय घ्यावयाचा असतो. त्यामुळे त्याच्यासमोर निष्कर्षांबरोबरच न सुटलेले प्रश्न ठेवणे आवश्यक आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेने १९६९ मध्येच पदवीच्या विद्यार्थ्यांना प्राध्यापकांच्या चालू संशोधनात सामावून घेणारा कार्यक्रम सुरू केला. त्यामागील तत्त्व लहान महाविद्यालयासही लागू पडते.

वऱ्हाडात अशा प्रश्नांची वाण नाही. पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्टा अकोला, अमरावती व बुलडाणा या जिल्ह्यांत पसरलेला आहे. तेथील विहिरींच्या पाण्यावरील एखादा प्रकल्प उदाहरणादाखल घेता येईल. पावसाळ्यापूर्वी व नंतर नमुने गोळा करून क्षारता मोजणे हे रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याचे काम. विहिरींचा नकाशा तयार करणे हे भूगोलाच्या, तर पाण्याविषयीच्या जुन्या माणसांच्या आठवणी व शब्द नोंदविणे हे मराठीच्या विद्यार्थ्याचे काम होऊ शकते. त्याचप्रमाणे मेळघाटातील कोरकू भाषेचा शब्दसंग्रह किंवा जून २०२० मध्ये गुलाबी झालेले लोणार सरोवराचे पाणी हे विषयही विद्यार्थ्यांच्या परिसरातीलच आहेत.

अशा प्रदर्शनात प्रत्येक प्रकल्पाच्या फलकावर चार गोष्टी स्पष्ट असाव्यात : प्रश्न कोणता आहे, आजवर काय हाती आले, काय बाकी आहे आणि विद्यार्थ्याने नेमके कोणते काम करावयाचे आहे. फलकाशेजारी प्राध्यापकाबरोबरच त्या प्रकल्पात आधीपासून काम करणारा विद्यार्थीही उभा असावा. कारण नवागत विद्यार्थी आपल्या शंका त्याच्याजवळ अधिक सहजतेने मांडतो.

वेळेचा विचारही महत्त्वाचा आहे. सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी सुरू झाली की शेतकरी कुटुंबातील विद्यार्थी वर्गातही कमी दिसतात. राष्ट्रीय विज्ञान दिन २८ फेब्रुवारीस येतो. तोवर शैक्षणिक वर्षाचा बराचसा भाग संपलेला असतो. म्हणून ऑगस्ट महिना अधिक सोयीचा ठरतो. एस. टी. ने ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी प्रदर्शन दुपारपर्यंत आटोपणेही इष्ट होय.

विश्वासार्हतेचा प्रश्न

सहभागासाठी आकर्षित करणे म्हणजे आमिष दाखविणे नव्हे. आठवड्यातील किती तास द्यावे लागतील, प्रवासखर्च कोण करील, श्रेयांक मिळतील किंवा नाही आणि शोधनिबंधात विद्यार्थ्याच्या नावाचा उल्लेख कोणत्या आधारे होईल, हे प्रारंभीच सांगितले पाहिजे. अन्यथा प्रश्नावल्या भरून घेणारे विनामूल्य मनुष्यबळ एवढेच विद्यार्थ्याचे स्थान उरते. असा अनुभव आलेला विद्यार्थी पुन्हा संशोधनाकडे वळत नाही आणि आपल्या मित्रांनाही परावृत्त करतो.

निष्कर्ष

आविष्कारमुळे विद्यार्थ्याच्या पूर्ण झालेल्या संशोधनास व्यासपीठ लाभते. परंतु त्या व्यासपीठापर्यंत पोहोचणारा विद्यार्थी घडण्यासाठी महाविद्यालयाच्या पातळीवर चालू संशोधनाची एक ‘शिवार फेरी’ आवश्यक आहे. तिला मोठ्या निधीची गरज नाही. विभागाचे दार एक दिवस उघडे ठेवणे, अपूर्ण काम अपूर्ण म्हणून दाखविण्याची तयारी असणे आणि विद्यार्थ्याला पहिल्या दिवसापासून सहकारी मानणे, एवढी सिद्धता त्यासाठी पुरेशी आहे.