गणनेचे दान : भाड्याचे यंत्र की घरचे यंत्र ?

अन्नदान, औषधदान व विद्यादान यांचा परिचय आमच्या सभासद बंधुभगिनींस करून देण्याचे प्रयोजन नाही. गेल्या पाव शतकात त्यांच्या जोडीस एक नवा प्रकार येऊन बसला आहे, तो म्हणजे संगणकाच्या वेळेचे दान. शास्त्रज्ञांची अवाढव्य गणिते लहान लहान तुकड्यांत विभागून जगभरच्या घरोघरच्या संगणकांकडे पाठविली जातात. प्रत्येक संगणक आपला तुकडा सोडवून परत पाठवितो आणि तुकडे जोडून उत्तर सिद्ध होते. घरातील तरुण मंडळी या कार्याकडे ओढली गेली की वडीलधाऱ्यांसमोर लवकरच एक प्रश्न येतो : यासाठी क्लाउड सर्व्हर भाड्याने घ्यावा की घरीच एक समर्थ यंत्र बांधावे ? प्रश्न विज्ञानाचा दिसत असला तरी, गाळा भाड्याने घ्यावा की स्वतःचा बांधावा या आपल्या नित्याच्या प्रश्नाचाच तो सख्खा भाऊ आहे. म्हणून त्याचा निवाडा वहीखात्यानेच करावा, असे आम्हांस वाटते.

हे दान कोणास पोहोचते ?

एका मोठ्या यंत्राऐवजी अनेक लहान यंत्रांनी मिळून काम करावे, ही कल्पना महाराष्ट्रास अपरिचित नाही. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली सिद्ध केलेला ‘परम ८०००’ हा महासंगणक याच तत्त्वावर उभा होता. ‘परम’मधील लहान गणक एकाच दालनात होते, स्वेच्छागणनेत ते लाखो घरांत विखुरलेले असतात, इतकाच भेद.

या कार्याचे फळ काल्पनिक नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात २००० साली सुरू झालेला ‘फोल्डिंग ॲट होम’ हा प्रकल्प प्रथिनांच्या घड्या कशा पडतात याचा अभ्यास करतो. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत असंख्य कुटुंबांनी आपले संगणक त्यास जोडले, तेव्हा त्यांची एकत्रित शक्ती सेकंदास एकावर अठरा शून्ये इतक्या क्रियांच्या पलीकडे गेली. ‘आइन्स्टाइन ॲट होम’ हा प्रकल्प २००५ साली सुरू झाला. अमेरिकेतील आयोवा व जर्मनीतील माइंत्स येथील स्वयंसेवकांच्या संगणकांनी त्याच्याद्वारे सेकंदास सुमारे ४१ फेरे घेणारा एक स्पंदक तारा हुडकून काढल्याचे ऑगस्ट २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. हाच प्रकल्प गुरुत्वीय लहरींच्या वेधांतही शोध घेतो. अशाच लहरींसाठी हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ येथे उभारावयाच्या ‘लायगो-इंडिया’ वेधशाळेस २०२३ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. सारांश, दान दूरदेशी जात असले तरी त्याचा विषय आपल्या अंगणापर्यंत आलेला आहे.

येथे कामाची शिस्त पेढीसारखीच असते. पाठविलेल्या प्रत्येक तुकड्यास हुंडीप्रमाणे मुदत असते. पुष्कळ प्रकल्पांत एकच तुकडा दोन निरनिराळ्या संगणकांस देऊन दोन्ही उत्तरे ताडून पाहतात. मेळ बसला तरच जमा धरतात. या कामाबद्दल मिळणारे गुण केवळ मानाचे असतात, त्यांचे रुपये होत नाहीत. संगणकाच्या वेळेबद्दल घसघशीत परताव्याचे आमिष कोणी दाखवू लागला, तर तो वेगळा धंदा समजून त्यापासून दूर राहावे.

भाड्याचे यंत्र

‘क्लाउड’ हा शब्द आकाशातला असला तरी ती यंत्रे जमिनीवरच असतात. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुण्यात, ॲमेझॉनने २०१६ साली व गूगलने २०१७ साली मुंबईत आपापली केंद्रे उघडली. तेथील यंत्र तासाच्या हिशेबाने भाड्याने मिळते. वीज, थंडावा, दुरुस्ती व पहारा यांची काळजी मालकाची. भांडवल अडकत नाही. आज हवे तर दहा यंत्रे घ्यावी, उद्या नको तर सोडून द्यावी.

या सोयीचे सामर्थ्य किती, याचे ठळक उदाहरण २०२४ साली घडले. ‘गिम्प्स’ हा १९९६ पासून चाललेला स्वेच्छाप्रकल्प प्रचंड मूळसंख्यांचा शोध घेतो. २०१८ पर्यंत त्याचे सर्व विक्रम साध्या वैयक्तिक संगणकांनी केले. नंतर ल्यूक ड्युरांट या अमेरिकन तरुणाने १७ देशांतील २४ केंद्रांत हजारो यंत्रे क्लाउडवर कामास लावली. ऑक्टोबर २०२४ मध्ये, दोनाचा १३,६२,७९,८४१ वा घात करून त्यातून एक वजा केला असता येणारी संख्या मूळसंख्या असल्याचे सिद्ध झाले. ती ४,१०,२४,३२० अंकी आहे. डब्लिन येथील यंत्राने तिचा प्रथम सुगावा लावला व सान अँटोनियो येथील यंत्राने दुसऱ्या दिवशी खात्री केली. हजारो यंत्रे कोणाच्या घरात मावणार ? थोड्या काळात प्रचंड काम उरकावयाचे असेल, तेथे भाड्यास पर्याय नाही.

परंतु भाडेपट्टा वाचल्याविना सही करू नये. जाहिरातीत ‘गाभा’ म्हणून जो मोजला जातो, तो बहुतेक ठिकाणी प्रत्यक्ष गाभ्याचा अर्धा हिस्सा असतो. अतिस्वस्त योजना अधूनमधून काम करणाऱ्यांसाठी असतात. यंत्र अहोरात्र पूर्ण शक्तीने चालविले की त्यांची गती कमी होते किंवा जादा आकार पडतो. यंत्र रिकामे बसले तरी चालू असेतोवर भाडे चढतच राहते. न विकली गेलेली यंत्रे बऱ्याच सवलतीत मिळतात खरी. परंतु पूर्ण दराचे गिऱ्हाईक आले की अगदी थोड्या अवधीच्या सूचनेने ती काढून घेतली जातात. स्वेच्छागणनेचे बरेच काम मधूनमधून नोंदून ठेवले जात असल्यामुळे तेवढ्याने फारसे नुकसान होत नाही, म्हणून भाड्याने घ्यावयाचेच तर हा सवलतीचा मालच आपल्या उपयोगाचा.

उभय पक्षांचा जमाखर्च

आता आकडे मांडू. ते उदाहरणादाखल धरलेले आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे दर घालून पुन्हा मांडावे. ग्राफिक्स कार्डासह घरचे यंत्र १,००,००० रुपयांस पडले व चार वर्षे टिकले असे धरू. वर्षाचा घसारा २५,००० रुपये. व्याज व किरकोळ दुरुस्ती मिळून ८,००० रुपये. एकूण स्थिर खर्च ३३,००० रुपये. यंत्र ३०० वॅट वीज घेत असेल तर तासास २ रुपये १० पैसे, हे युनिटचा दर ७ रुपये धरून. वर्षभर अखंड चालल्यास २,६२८ युनिटांचे १८,३९६ रुपये होतात. म्हणजे वर्षाचा एकंदर खर्च ५१,३९६ रुपये.

तितकेच काम करणारे भाड्याचे यंत्र तासास ४० रुपयांनी मिळाले, तर वर्षाच्या ८,७६० तासांचे ३,५०,४०० रुपये होतात. हे घरच्या खर्चाच्या जवळजवळ सातपट झाले. सवलतीचा दर १२ रुपये धरला तरी १,०५,१२० रुपये, म्हणजे दुप्पट.

मग भाडे केव्हा परवडते ? पूर्ण दराने, वर्षातून सुमारे ३६ दिवसांपेक्षा कमी काम असेल तर. सवलतीच्या दराने ही मर्यादा सुमारे १३९ दिवसांपर्यंत जाते. याहून अधिक दिवस चालवावयाचे असेल तर घरचे यंत्र स्वस्त. भाड्याच्या रकमेत केंद्राची इमारत, थंडावा, पहारा व मालकाचा नफा हे सर्व आले. नित्य चालणाऱ्या दानात तेवढा भाग शास्त्रकार्यापर्यंत न पोहोचता वाटेतच राहतो, हे दात्याने जाणून असावे.

अणशीची कसोटी

हा हिशेब शहरात बसून केला की सोपा वाटतो, म्हणून त्याची परीक्षा आम्ही मुद्दाम एका अवघड ठिकाणी लावून पाहतो. कारवारहून कद्र्यास येऊन घाट चढले की जोयडा तालुक्यातील अणशी लागते. काळी व्याघ्र प्रकल्पाच्या अरण्याने वेढलेले हे गाव. सूपा, कोडसळ्ळी व कद्रा या धरणांवरची आणि कैगा येथील अणुवीज याच काळी नदीच्या परिसरात निर्माण होते. तथापि वीज जवळ निर्माण होते म्हणून ती घरात अखंड राहील असे नाही. घाटातील मुसळधार पावसात झाड तारेवर पडले की गाव अंधारात जाते व दूरसंपर्कही तुटतो. अशा गावी घर असलेल्या कुटुंबाने काय करावे ?

प्रथम पावसाचा विचार. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत यंत्र पूर्णपणे बंद ठेवले, असे अगदी वाईटात वाईट धरू. तरी २४३ दिवस उरतात आणि वर सांगितलेली मर्यादा १३९ दिवसांची आहे. या २४३ दिवसांचा घरचा खर्च ४५,२४७ रुपये, तर सवलतीचे भाडे ६९,९८४ रुपये. म्हणजे चार महिने कुलूप लावूनही घरचे यंत्र हरत नाही.

दुसरा विचार संपर्काचा. भाड्याचे यंत्र मुंबईत असल्याने अणशीतील संपर्क तुटला तरी त्याचे काम चालू राहते, हा त्याचा खरा गुण होय. परंतु घरच्या यंत्रासही संपर्क सतत लागत नाही. काम आणताना व उत्तर पाठविताना तेवढा लागतो. बर्कली येथील विद्यापीठात तयार झालेल्या ‘बॉइंक’ या प्रणालीत काही दिवसांच्या कामाचा साठा अगोदर भरून ठेवता येतो. मात्र प्रकल्प लांब मुदतीचा निवडावा. ‘फोल्डिंग ॲट होम’मध्ये उत्तर जितके लवकर तितके मोलाचे, म्हणून तो भरवशाचा संपर्क असलेल्या शहरी घरांस अधिक योग्य.

तिसरा विचार यंत्राच्या प्रकृतीचा. चालू यंत्र उबदार राहते. फार दिवस बंद पडलेल्या यंत्रात मात्र दमट हवेचा ओलावा बसतो. म्हणून पावसाळ्यानंतर ते उघडून, पुसून, कोरडे झाल्याची खात्री करून मगच सुरू करावे. अर्थिंग पक्के असावे, वीज कडाडू लागताच विजेची व दूरसंपर्काची अशा दोन्ही तारा काढाव्या आणि दहा मिनिटे तग धरणारा यूपीएस ठेवावा, म्हणजे यंत्र रीतसर बंद करता येते. ३०० वॅट वीज शेवटी उष्णताच होते. थंड देशांत ती खोली उबवते, आपल्याकडे तीच उकाडा वाढविते. ग्राफिक्स कार्डाची वीजमर्यादा थोडी खाली आणल्यास वीज बरीच वाचते व काम त्या मानाने थोडेच घटते. छपरावर सौरपट्ट्या असतील तर दिवसाच्या उन्हातच यंत्र चालवावे.

तिसरा मार्ग

येथवर भाडे व बांधणी हे दोनच पक्ष आम्ही तोलले. परंतु बहुसंख्य सभासदांसाठी तिसरा मार्ग अधिक श्रेयस्कर आहे. घरात किंवा दुकानात जो संगणक आधीच आहे, त्याचाच रिकामा वेळ द्यावा. दिवसा दहा तास चालू असलेला संगणक या कामासाठी ४० वॅट अधिक घेऊ लागला, तर ३०० दिवसांत १२० युनिटे होतात. दुकानाचा दर १० रुपये धरला तरी वर्षास १,२०० रुपये. यात भांडवल शून्य. कोठारात पडलेले दहा-बारा वर्षांचे यंत्र मात्र या कामी लावू नये. ते तेवढीच वीज घेऊन फारच थोडे काम करते, आणि फुकट मिळालेली वस्तू महाग पडते.

काही पथ्ये सांगितलीच पाहिजेत. बँकेचे व कराचे व्यवहार ज्या संगणकावर होतात तो या कामास जोडू नये. प्रणाली प्रकल्पाच्या मूळ स्थळावरूनच घ्यावी. हा खर्च पेढीच्या वहीत न टाकता घरखर्चात धरावा. आयकरातील देणगीची सवलत अशा वस्तुरूप दानास मिळत नाही. प्रकल्प चालू आहे याची चौकशीही करावी. १९९९ साली सुरू झालेल्या सुप्रसिद्ध ‘सेटी ॲट होम’ने मार्च २०२० मध्ये नवे काम वाटणे थांबविले. अशा वेळी घरचे यंत्र दुसऱ्या प्रकल्पास लावता येते किंवा मुलांच्या शिक्षणास उपयोगी पडते. दिलेले भाडे मात्र परत येत नाही.

येणेप्रमाणे विचार करता आमचा अभिप्राय असा : आहे ते यंत्र प्रथम जोडावे, आवड टिकून वर्षातील बहुतेक दिवस काम चालणार असेल तरच नवे बांधावे, आणि थोड्या दिवसांत मोठे काम उरकावयाचे असेल तेव्हा भाड्याने घ्यावे. साथीच्या काळी जी प्रचंड शक्ती उभी राहिली, ती अशाच घरोघरच्या थोड्या थोड्या वाट्यांतून उभी राहिली. आपला वाटा लहान असला तरी तो हिशेबाने व सातत्याने पोहोचता व्हावा, एवढीच सभासद बंधुभगिनींस आमची विनंती आहे.